शिवणकामाचे सर, मोटारीच्या मॅडम

"मॅडम, शिवण शिकवून राह्यले का मशीनचं ऑपरेशन करून राह्यले?"

खिडकीतून आवाज आला आणि माझ्या हातातला पेचकस घरंगळत बाकाखाली गेला. बाहेर श्रावणाची रिमझिम चालली होती. गजांपलीकडे एक तरुण उभा... खांद्यावर थेंब, कपाळावर ओले केस, आणि चेहऱ्यावर दाबून ठेवलेलं हसू. नववीच्या पोरी तोंडाला ओढण्या लावून खिदळल्या.

माझ्यापुढे शिलाई मशीन पार उघडं पडलं होतं. चाक एकीकडे, पट्टा एकीकडे, बॉबिन माझ्या मांडीवर.

"मशीन जाम झालं होतं," मी तोऱ्यात म्हटलं. "दुरुस्त करून राह्यली."

"जाम नाई झालं. धागा उलटा ओवला तुम्ही."

अन् तो सरळ आत आला! विचारलं नाही, पुसलं नाही. मी भाग भराभर जागच्या जागी बसवले, ते मला डोळे मिटूनही जमलं असतं. त्यानं धाग्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईत घातलं. एका झटक्यात! मी कधीची त्या सुईशी झोंबत होते. त्याची बोटं लांब होती, सावकाश होती, आणि मी जरा जास्तच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले.

"जमीर," तो म्हणाला. "शेजारच्या खोलीत असतो. वीज उपकरणांची दुरुस्ती शिकवतो."

"कहकशां. मी... शिवणकाम."

एवढं बोलून होतं न होतं तोच शेजारी फटकन आवाज झाला. धूर, जळका वास, पोट्ट्यांचा कल्ला! जमीर सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी ओढणी कमरेला खोचली आणि धावले. मेन स्विच पाडला, पोट्टे सगळे धड आहेत ते पाहिलं, मग बोर्ड उघडला. आणि आत पाहून कपाळावर हात मारला.

"सर! फेज कुठं, न्यूट्रल कुठं! तुम्ही तं दोघाईचं लग्नच लावून देलं."

तो मान खाली घालून म्हणाला, "काळ्यावर लाल खुलून दिसत होता... म्हणून जोडला."

"खुलून दिसते म्हणून लग्न लावते का कोणी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यानं मान वर केली. काय पाहिलं बाप्पा त्यानं माझ्याकडे! मी तशीच फ्यूजची तार शोधायला लागले.

आता हे असं उलटंपालटं कसं झालं, ते सांगते. घाटंजीत निजामुद्दीन मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान कोणालाही विचारा, हात धरून नेऊन सोडतील. मी त्यांची पोरगी. मला निजवायला अब्बा जळक्या मोटारींच्या गोष्टी सांगायचे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. आणि जमीर यवतमाळच्या एका दर्जींचा मुलगा. पण आमच्या दोघांच्याही नेमणुकीच्या ऑर्डरवर विषय एकच लिहिला होता... कार्यानुभव.

शाळेत मराठी असतं, गणित असतं, विज्ञान, भूगोल, चित्रकला असते. कार्यानुभव हा त्यातला सावत्र विषय. त्या वर्षापर्यंत कार्यानुभवाचा तास म्हणजे मैदानातलं गवत उपटायचा तास होता. पण कापसानं आमच्या मुलखाला रडवायला घेतलं होतं. पाऊस वेळेवर नाही, बोंडात जीव नाही, बाजारात भाव नाही. पालकसभेत तांड्यावरचे धावजी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "सर, गणित शिकवा, भूगोल शिकवा, नाई म्हणत नाई. पण पोराईच्या हाताले काही तरी शिकवा. निस्त्या कापसाच्या भरवशावर नोका सोडू त्याईले."

मग मुख्याध्यापक नीळकंठ सरांनी दोन खोल्या रिकाम्या केल्या. एकीत शिलाई मशीनं ठेवली, दुसरीत जुन्या मोटारी न् वायरी. दोन नवे शिक्षक आले. आणि सरांनी काय करावं? बाई दिसली, तिला शिवण दिलं. पुरुष दिसला, त्याला वीज दिली!

मी गेले भांडायला.

"सर, मला दुरुस्ती द्या. माझा विषय तो आहे."

नीळकंठ सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सरांचं घराणंच कचेरीतलं, बोलणंही तसंच नीटनेटकं. "बाई, पालक काय म्हणतील? तुम्ही मुलींना छान झबली-टोपडी शिकवा. आणि आता वेळापत्रक लागलंय."

वेळापत्रक लागलं म्हणजे विषय संपला. सरांपुढे त्याच्यावर अपील नव्हतं.

पण दोन खोल्यांच्या मधे एक दार होतं. कडी मोटारींच्या खोलीकडून. नीळकंठ सर तास सुरू झाला की व्हरांड्यातून एक फेरी मारायचे आणि चहाला जायचे. त्यांची पाठ वळली की मी दार वाजवायचे, जमीर कडी काढायचा. तो इकडे, मी तिकडे. पुढं पुढं तर धावजींची जमनी म्हणाली, "मॅडम, म्या बी येऊ का तुमच्यासंगं? मले मोटर शिकाची हाये." मग तिच्यामागून आणखी दोघी. तिकडून रूपसिंग नावाचा पोट्टा टेप घेऊन शिवणाच्या खोलीत जाऊन बसला. अख्ख्या शाळेत काय चाललंय हे फक्त हेडसरांना माहीत नव्हतं.

ते दार अरुंद होतं हो. एकानं थांबायचं, दुसऱ्यानं जायचं, इतकी साधी गोष्ट. पण आम्ही दोघंही एकदमच निघायचो.

"पह्यले तुम्ही."

"नाई, पह्यले तुम्ही."

"सर, तास संपते इथंच."

"संपू द्या..."

असं तो हळूच म्हणायचा, आणि मी रागावल्यासारखं करून त्याच्या बाजूनं निघायचे. त्याच्या शर्टाला नव्या कापडाचा वास यायचा. मोटारीचं झाकण उघडताना मी सारखी दाराकडे का पाहते, हे जमनीनं एकदा विचारलं. मी तिला उगाचच रागावले.

एकदा वायरीला डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्ननं माझी ओढणी जळली. काठाजवळ चांगलं भोक पडलं. जमीरनं ती घडी करून नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. भोकाच्या जागी हिरव्या धाग्याचं पान भरलेलं होतं, लांबूनही दिसेल असं.

"रफू काहून नाई केलं?" मी विचारलं.

"रफू लपवाले करतेत." तो थांबला. "हे... दाखवाले आहे."

मी ती ओढणी दोनदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, मग माझ्या अम्मानं विचारलं की बाकीच्या ओढण्या काय पावसात वाहून गेल्या? प्रेम कशाला म्हणतात ते मला तोवर ठाऊक नव्हतं, पण हे तेच होतं. खोटं कशाला बोलू!

थंडी पडली. वेचणी सुरू झाली, अर्धा वर्ग शेतात गेला. अशाच एका रिकाम्या दुपारी जमीर दारात उभा राहिला आणि सरकलाच नाही.

"अम्मी येऊन राह्यली. रविवारी... तुमच्या घरी."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. "काय सांगतलं तुम्ही त्याईले?"

"सांगतलं की शाळेत एक मॅडम आहेत. चांगल्या घरच्या. हसल्या की वर्ग हसते." तो अडखळला. "अन्... शिवणकाम शिकवतात."

"शिवणकाम?"

"ऐका ना. अब्बा मशीनवर वाकून वाकून गेले. अम्मीनं त्या दिवशीच माझ्या हातातली सुई काढून घेतली. म्हणे, माझा जमीर मास्तर होईन, दर्जी नाई होनार. तिले वाटते मी वीज शिकवतो. मोहल्लाभर सांगत फिरते. सून मात्र तिले शिवणारी पायजे. म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही माझा विषय मले न विचारता बदलून टाकला. हेडसर एक अन् तुम्ही दुसरे!"

"एक डाव लग्न होऊ द्या, मंग हळूहळू सांगू."

"हळूहळू म्हंजे कधी? अम्मी मले ब्लाउज बेताले लावन तवा?" माझा आवाज फाटला. "सर, मले तुम्ही पायजे. घ्या, सरळ सांगून देते. पण मले माझा विषयबी पायजे. दुसऱ्याच्या विषयावर मी निकाह नाई लावणार."

तो नुसता दारातून बाजूला सरकला. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या खोलीत गेलो.

जमीरच्या अम्मी, अमिनाबी, रविवारपर्यंत थांबल्याच नाहीत. शनिवारच्या सकाळच्या शाळेत जमनी धापा टाकत आली. "मॅडम! जमीर सराईच्या अम्मी आल्या! हेडसर त्याईले घेऊन येऊन राह्यले. शिवणकाम पाह्याचं म्हणतेत!"

आमची अदलाबदल झालेली होती. मी मोटारीत कोपरापर्यंत बुडालेली, हात काळेकुट्ट. तिकडून जमीर धावत दाराशी आला, गळ्यात टेप, कानामागं खडू.

"कहकशां! लवकर! तुम्ही इकडं या, मी तिकडं..."

पहिल्यांदा त्यानं मला नुसत्या नावानं हाक मारली, आणि तीही अशा वेळी! मी उठले. दारापर्यंत गेलेही. किती सोपं होतं! हात पुसायचे, मशीनमागं बसायचं, मान खाली घालून हसायचं. अमिनाबी माशाल्ला म्हणाल्या असत्या. रविवारी साखर वाटली असती. आणि मग आयुष्यभर मी शिवणकामाची मॅडम राहिले असते.

मी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली.

"मॅडम! अहो... काय करून राह्यले?"

"मोटर शिकवून राह्यली," मी म्हटलं. मला रडू फुटत होतं.

पलीकडे पावलं वाजली. नीळकंठ सरांचा आवाज आला, "या, या. ह्या आमच्या शिवणकामाच्या..." आणि तिथंच तुटला.

"जमीर?" अमिनाबींचा आवाज बारीक झाला होता. "बेटा, गळ्यात टेप घालून काय करून राह्यला तू?"

मी कपाळ दारावर टेकलं. आता तो काय बोलेल यावर माझं सगळं होतं. मॅडम बाहेर गेल्या, मी सहज उभा होतो, एवढं जरी म्हणाला, तरी संपलं. मी घरी जाऊन अब्बांना सांगणार होते, नाही म्हणून कळवा. देवा-अल्लाची शपथ, बोल ना रे खरं, मी मनात म्हणत होते.

"अम्मी, मी शिवण शिकवून राह्यलो," तो म्हणाला.

"आज?"

"रोज." टेबलावर कात्री ठेवल्याचा आवाज आला. "वीज मले येत नाई अम्मी. कधी आलीच नाई. अब्बाचंच काम येते, अन् मले तेच आवडते. तू सुई काढून घेतली, पण हाताचं मन नाई गेलं तिकडून."

"अन् ती पोरगी? शिवणवाली?"

"तिले सुईत धागा ओवता येत नाई." पोरी हसल्या, पण त्याचा आवाज हलला नाही. "ती मोटारी शिकवते. तिच्यासारखं शिकवणारं मी नाई पाह्यलं कोणी. मी खोटं सांगतलं तुले, तिनं नाई सांगतलं. मले तिच्याशीच लग्न कराचं आहे, अम्मी. शिवण मले येते. एका घरात एकाले आलं तं नाई भागत का?"

हे सगळं त्यानं हेडसरांसमोर, अख्ख्या नववीसमोर म्हटलं! मला कडी सापडेना, डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी. जमनीनं माझा हात धरून कडीवर ठेवला.

दार उघडलं. नीळकंठ सर माझ्या काळ्या हातांकडे पाहत होते, मग जमीरच्या टेपकडे. "बाई! सर! हे काय चाललंय? वेळापत्रक म्हणून काही..." तेवढ्यात रूपसिंगनं स्वतः शिवलेली कॉलर त्यांच्यापुढे धरली, आणि माझ्या मागं जमनीनं बटण दाबलं. मोटार घूं करून फिरली. सर दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिले. चिडले, मग खुर्चीत बसले. "सोमवारी बदलतो," ते म्हणाले. "आधी मला कोणी तरी पाणी द्या."

अमिनाबी माझ्याजवळ आल्या. डोळे लाल झाले होते त्यांचे. वाटेत त्यांनी लेकाच्या कानामागचा खडू काढून टेबलावर ठेवला, पण गळ्यातली टेप काढली नाही. माझ्यासमोर येऊन त्या मला पायापासून कपाळापर्यंत निरखत राहिल्या. माझ्या गालावर ग्रीस होतं, हे मला मागाहून कळलं.

"कोणकोणत्या मोटारी येतेत तुले?"

"पाण्याची येते. पंख्याची, कूलरची... सगळ्या येतात, अम्मी." अम्मी कसं निघालं तोंडातून, मला कळलंच नाही.

"मिक्सरची?"

"येते."

त्यांनी सावकाश मान वळवून जमीरकडे पाहिलं. "कधीचा मिक्सर बंद हाये घरी. मी म्हणते, बेटा, तू वीजवाला, पाह्य जरा. अन् हा... उद्या पाह्यतो अम्मी, परवा पाह्यतो अम्मी! मी पाट्यावर मसाला वाटू वाटू मेली ना रे!"

जमीर भिंतीकडे बघत होता. पोट्टे फिदीफिदी हसायला लागले, आणि नीळकंठ सरांना पाणी पिता पिता ठसका लागला. अमिनाबींनी माझा काळा हात आपल्या स्वच्छ हातात धरला, अगदी घट्ट.

"उद्या येतोच आहे आम्ही तुमच्या घरी," त्या म्हणाल्या. "मिक्सर घेऊन येऊ का?"

"आणा ना."

"अन् मी?" भिंतीकडून आवाज आला. "मी... काय आणू?"

"तुम्ही नुसते या," मी म्हटलं, सगळ्या वर्गासमोर.