न कापलेला दोरा

पट्टायाच्या हॉटेलात रविवारी सकाळी आठ वाजता श्रावणकाकाचा पासपोर्ट गेला, आणि अकराला विमानतळाची बस होती.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली ही बियाण्याची छोटी कंपनी. दोन हंगाम तिचं कपाशीचं बी उगवलं नाही, म्हणून मालक इंद्रजित सरांनी बी बदलायचं सोडून कंपनीचं नाव बदललं. नवं नाव इंग्रजी होतं. पोती भरणाऱ्या पंचफुलाला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. नावाच्या बारशासाठी सर चौघांना परदेशी घेऊन आले. वीस वर्षं ज्याला दिवाळीची सुट्टी मागून मिळत नव्हती, त्या श्रावणकाकाचं नाव यादीत पहिलं होतं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं सगळे म्हणाले.

श्रावणकाका पॅकिंगवाला, आणि बॅगेच्या चेनवर त्याचा भरवसा नव्हता. नव्या पिशव्या स्टेजवर शिवून दाखवायला हातमशीन आणलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्यानं पासपोर्ट बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत टाकला आणि सगळ्यांसमोर तिचं तोंड शिवून टाकलं. सगळे पोट धरून हसले.

सकाळी समुद्रावर फोटो काढून तो खोलीत परतला, तर पिशवी उघडी. आत फक्त शिलाईचा दोरा होता, लहानशा लडीसारखा गुंडाळलेला.

तो पलंगावर बसून रडला. सोमवारी दहाला यवतमाळला कृषी कार्यालयात सुनावणी होती. जुनंच बी नव्या पिशव्यांत भरलं का, हे श्रावणकाकाला विचारणार होते. आपण खरं सांगणार, हे त्यानं कुणापासून लपवलं नव्हतं.

लेबलं बनवणारी कॉम्प्युटर ऑपरेटर मुस्कान हे बघत होती. तिला इतका राग आला की तिनं तो दोराच उचलला.

"काका, हा कापलेला नाही."

"नाइ. ह्या शिलाईचं बरोबर टोक ओढलं का सरसर उसवते. चुकीचं ओढलं त गाठ बसते. अन् आमच्या पॅकिंगवाल्यांत दोरा कोणी फेकत नाही. दोन बोटावर गुंडाळून ठेवतो, पुन्हा कामी येते."

भावसिंग हा विक्रीवाला, काकाच्याच खोलीत राहणारा. मुस्काननं आधी त्यालाच धरलं.

"सकाळी खोलीत परत कोण आलं होतं?"

"टॉवेल न्यायले मी गेलतो. दार उघडंच ठेवलं. म्हटलं, इथं कोन चोरते?"

पण आदल्या संध्याकाळी स्टेजवर भावसिंगनं पिशवीचं चुकीचं टोक ओढून गाठ बसवली होती आणि शेवटी दातानं फाडली होती.

पंचफुला पॅकिंगचीच. तिनं विचारायच्या आधीच डोळ्यांना पदर लावला. पण ती पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि फोटो मुस्काननंच काढले होते.

सर फोटोला सगळ्यांत उशिरा आले होते. ते खाली चहा घेत बसले होते. पॅकिंगचं काम कधी केलंय का, असं मुस्काननं त्यांना विचारलं.

"पॅकिंग? मी तिकडे फिरकतही नाही," ते म्हणाले. "पुण्याहून शिकून आलो तो थेट केबिनमध्ये बसलो. वेबसाइटवर तूच टाइप केलंस ना?"

बोलता बोलता त्यांनी कपातली चहाची पुडी काढली, तिचा दोरा तोडून दोन बोटांवर गुंडाळला आणि बशीत ठेवला. मुस्कान उठून गेली.

पावणेअकराला सगळे बसजवळ जमले.

"खोलीत जाऊ शकत होता भावसिंग, पण त्याले पिशवी उघडता येत नाही," मुस्कान म्हणाली. "उघडता येते पंचफुलामावशीले, पण ती पाण्यात होती. म्हणजे पॅकिंगचा तिसरा माणूस पाहिजे. फोटोले उशिरा आलेला. सर, मघाशी चहाच्या पुडीचा दोरा तुम्ही कसा ठेवला, आठवते?"

सरांनी तो हात खिशात लपवला.

श्रावणकाका त्यांच्याकडे बघत राहिला. "इंद्रा, घाटंजीच्या बाजारात पोते शिवत होतो आपण. हे गुंडाळणं म्याच शिकवलतं तुले. म्या कोनाले सांगितलं नाही, तुही इज्जत होती म्हणून."

सरांनी चष्मा पुसला. "पासपोर्ट समुद्रात आहे. काढ पोहून. आज दूतावास बंद आहे, नवे कागद व्हायला वेळ लागेल. तोवर सुनावणी होऊन जाईल." मग ते इतरांकडे वळले. "जो बसमध्ये बसेल, तो नव्या कंपनीचा माणूस."

भावसिंग सगळ्यांत आधी चढला. पंचफुला रडत रडत चढली, तिची दोन लेकरं घरी होती.

मुस्कान थांबली. काकानं सुनावणीची नोटीस घडी करून तिच्या हातात दिली.

"जाय बेटा. इथं माह्यासंग रडून का होते? जुन्या बियाण्याच्या लेबलावर नव्या तारखा त तूच टाइप केल्या."

ती चढली. बस सुटली तेव्हा श्रावणकाका हॉटेलच्या पायरीवर बसून रिकामी पिशवी मांडीवर सरळ करत होता. त्याला तिथली भाषा येत नव्हती. त्याच्याजवळ मुस्काननं दिलेला तिचा फोन होता, तेवढाच.

सर मागे वळून न बघता म्हणाले, "चढलीस तरी तुझं कामावरून काढल्याचं पत्र तयार ठेवतो. उद्या दहाला ये."

"उद्या दहाले मले टाइम नाही, सर," मुस्कान म्हणाली, आणि तिनं नोटीस उलगडून पत्ता वाचला.