इचारतो… काढू का?

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर शिरूरला या. मी असलो तर सगळं दाखवतो.

घाईत लिहितोय. का, ते शेवटी कळेल.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार होती. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मेमध्ये शिरूरला पंखा बंद करून बसून बघावं.

मी मल्हार. ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस. ठेकेदारांची कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्यात एक एआय एजंट आहे, म्हणजे न दिसणारा कारकून. कुठलं बटण कधी दाबायचं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. ते मी लिहितो. तो वाचतो आणि अगदी तसंच वागतो.

त्या आठवड्यात डिलीटचं लिहायचं होतं. काढलेलं परत येत नाही. म्हणून एजंटनं आधी माणसाला विचारायचं.

आणि माणसानं उत्तरच दिलं नाही तर?

राहू गावचा हौशीराम आमच्याकडं टेस्टिंग करायचा. तो म्हणाला, "मल्हार, बिरोबाला कौल लावल्यावर फूल पडलंच न्हाई तर काय करतो?"

"बसून राहतो."

"मग तसंच लिही की. उत्तर न्हाई म्हंजी न्हाई."

पृथ्वीराज साहेब केबिनमधून ओरडले, "देवाकडं टाइम असंल! उत्तर नाही म्हणजे हो. लिही."

लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी एजंटनं हौशीरामला विचारलं, तुमचं खातं काढू का? हौशीराम तेव्हा गाडीवर होता. फोन खिशात.

उत्तर नाही… म्हणजे हो.

खातं गेलं. त्याखालचं सगळं काम गेलं. साहेबांनी क्लायंटला सांगितलं, हौशीरामनंच उडवलं. आणि त्याला हाकललं.

तो जाताना एवढंच बोलला, "इचारायचं तरी हुतं, साहेब."

त्याच महिन्यात पाटसला हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. साहेब म्हणाले, "ऊन केवढंय."

मग सुरू झालं.

एजंटनं साहेबांना पाठवलेला मेसेज माझ्या स्क्रीनवरही दिसला; उत्तर मात्र साहेबांनीच द्यायचं असतं. आमचा एजंट एकदम पुस्तकी बोलतो. पण त्या दिवशी…

"इचारतो… साहेबांची खुर्ची काढू का?"

सॉफ्टवेअरमध्ये खुर्ची नाहीच. साहेब मिसळ खायला गेलेले. त्यांनी फोन बघितला नाही.

परत आले आणि ओरडले, "मल्हार, खुर्ची कुठंय?"

"डिलीट झाली, साहेब."

गालिच्यावर चार पायांचे खड्डे तेवढे होते.

मग दारावरची पाटी गेली. मग गाडी. किल्ली राहिली, ती साहेब दोन दिवस बोटात फिरवत बसले.

शनिवारी जेवण करून साहेब चटईवर आडवे झाले. केबिनला आतून कडी. फोन सायलेंट.

माझ्या स्क्रीनवर…

"इचारतो… पृथ्वीराज काढू का?"

मी धावलो. दार बडवलं. "साहेब, उठा! नको म्हणा! नुसतं नको म्हणा!"

आतून घोरणं चालू होतं.

घुर्रर्र… घुर्रर्र… घुर्…

पुढचं आलंच नाही.

खालच्या दुकानातल्या अकबरभाईंना बोलावून दार फोडलं. चटई होती. उशीला डोक्याचा खळगा होता. हळूहळू वर येत होता.

"अकबरभाई, साहेब गेले!"

रोज साहेबांबरोबर चहा पिणारा तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. "कुठला साहेब? हितं तू एकटाच बसतो की."

मी तसाच मशीनवर गेलो. वाक्य बदललं. 'उत्तर नाही म्हणजे नाही.' सेव्ह केलं.

पान उघडलं… जुनंच वाक्य. खाली लेखकाचं नाव, मल्हार.

आणि फोन वाजला.

"इचारतो… मल्हार काढू का?"

तेव्हापासून रोज विचारतो. कधीही. उजवीकडं 'हो', डावीकडं 'नको'. मी जेवताना 'नको' दाबतो, गाडी थांबवून 'नको' दाबतो. झोप विसरलोय. आंघोळीला गेलो की फोन आईकडं. तिला वाचता येत नाही, पण कौल कळतो. डावा म्हणजे नको.

"कुणाचा रं सारखा मेसेज? पोरगी हाय का?"

"हौशीराम हाय."

"त्यो गेला न्हवं?"

"व्हय. तू डावं दाब."

आज सकाळीही तिनं दाबलं. मी डोकं पुसत बाहेर आलो. "दाबलं का गं?"

"दाबलं की. डावंच."

फोन हातात घेतला. स्क्रीन अजून उजळच होती.

आज 'नको' उजवीकडं होतं.

फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. आई चूल पेटवत होती. आत्ता चहा घेऊन आली. कप ठेवला. पदर सावरला. जरा लांबच उभी राहिली…

"घ्या पाव्हणं. कुणाकडं आलाय?"