एका पायाचा बिबट्या

"चाचा, पाच हजारांत बिबट्या येईल का हो?" डिंपलनं दुकानात शिरता शिरता विचारलं.

नूर महंमद चाचांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढून बाजूला ठेवलं. जळगावातल्या त्यांच्या टीचभर दुकानात मोबाइलपासून लग्नातल्या कॅमेऱ्यापर्यंत सगळं दुरुस्त होत असे.

"फोटो येईल बेटा," ते शांतपणे म्हणाले. "बिबट्या तुझा तुलाच आणावा लागेल."

त्यांची मुलं, साकिब आणि तबस्सुम, खो खो हसली. साकिब डिंपलच्याच वर्गात, आठवीत होता. तबस्सुम दहा वर्षांची होती, पण बोलायची तिघांच्या वाटचं.

"हसू नका रे!" डिंपल वैतागली. "शनिवारी आबांची राई तोडणार आहेत!"

हसू थांबलं.

राई म्हणजे डिंपलच्या आजोबांनी, जीवराम आबांनी, स्वतःच्या शेतात उभं केलेलं दोन एकरांचं छोटं जंगल. रावेरच्या पुढे, जिथं जिकडेतिकडे केळीच केळी, तिथं आबांनी साग, बेहडा, मोह, बांबू असं काय काय लावलं होतं. डिंपल जन्मली त्या वर्षी त्यांनी अंजनाचं एक रोप लावलं. वर्गात डिंपल सगळ्यांत बुटकी आणि राईत ते अंजन सगळ्यांत बुटकं. त्यामुळे दोघांचं फार जमत असे.

पण पंधरा दिवसांपूर्वी राईच्या कडेला, ठिबकची नळी गळून ओली झालेल्या मातीत, बिबट्याचा पंजा उमटला. मग दुसरा उमटला, मग चौथा. केळी कापणाऱ्या मजुरांनी विळे खाली ठेवले ते उचललेच नाहीत. घड झाडावर पिकायला लागले, आणि झाडावर पिकलेल्या केळ्याकडे व्यापारी ढुंकूनही बघत नाही. शेत सांभाळणारे हेमराजकाका हवालदिल झाले. तेवढ्यात लाकडाचे व्यापारी रुपचंदशेठ देवासारखे धावून आले. ते म्हणाले, "राईच नसली तर बिबट्या राहील कुठं? तोडायची मजुरी माझी, परवानगीचं मी बघतो!"

आबा काहीच बोलले नाहीत. आबांचं गप्प बसणं हाच होकार, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. नातीला मात्र आबांनी हळूच पाच हजार रुपये दिले आणि म्हणाले, "जनावर खरं असंन तर मी स्वतः राई मोकळी करून देतो. पन आधी मले त्याचं तोंड पाहू दे."

"मग हा घेऊ!" साकिबनं एक चकचकीत खोका उचलला. "अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल!"

"मेगापिक्सेल म्हणजे लग्नपत्रिकेवरचे प्रमुख पाहुणे," चाचा म्हणाले. "छापायला काय जातं? आणि याचा फ्लॅश पांढरा आहे. येणाऱ्याला आधीच कळेल की आपला फोटो निघतोय. बिबट्या निदान केस तरी नीट करून येईल."

"हा? हा तर फोटो थेट मोबाइलवर पाठवतो!" तबस्सुमला दुसराच आवडला.

"आबांच्या राईत रेंज येते?"

"विहिरीच्या कठड्यावर उभं राहून हात वर केला तर एक काडी येते," डिंपलनं प्रामाणिकपणे सांगितलं.

चाचांनी मागच्या फळीवरून एक हिरवट, ओबडधोबड डबा काढला. त्याला दिखाऊ असं काहीच नव्हतं. बारा मेगापिक्सेल, साधे पेन्सिल सेल, झाडाला बांधायचा पट्टा आणि प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, तापमान. अंधारात न दिसणारा उजेड. किंमत चार हजार सहाशे.

"यात भपका नाही, काम आहे," चाचा म्हणाले. "एक ध्यानात ठेवा. हा नुसत्या डोळ्यानं बघत नाही. समोरच्या हवेपेक्षा वेगळी ऊब हलली की हा जागा होतो. ऊब वेगळी नसेल तर झोपून राहतो."

तिघांनी माना डोलावल्या. मोठी माणसं काही समजावून सांगतात तेव्हा मुलं डोलावतात तशा.

सोमवारी तिघं रेल्वेनं निघाली. भुसावळला गाडी बदलताना तबस्सुमनं तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. एका आजीबाईंनी विचारलंसुद्धा, "काय गं, सोनं घेऊन चालली का?"

राईत पोचल्याबरोबर डिंपलनं पंजे पाहिले आणि ती उकिडवी बसली. बराच वेळ बसली.

"साकिब, हे बघ. सगळे पंजे उजव्या पायाचे आहेत."

"अरेच्चा! आणि सगळे पुढच्याच पायाचे!"

"मग बाकीचे तीन पाय खिशात घालून चालतो का?" तबस्सुमनं विचारलं.

"आणि नखं उमटली आहेत!" डिंपल म्हणाली. "मांजर चालताना नखं आत घेते. बिबट्याही घेतो. हा बिबट्या नाही. हा माणूस आहे!"

तिनं हे आबांना सांगितलं. आबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण ते एवढंच म्हणाले, "तू म्हनतं ते खरं असंन. पन हेमराजले दाखवाले तोंड पाहिजे, पोरी. नुसता पाय दाखवून भागाचं नाही."

कॅमेऱ्याची गोष्ट आबांखेरीज कोणाला सांगायची नाही असं ठरलं. डबा सागाच्या बुंध्याला, मांडीच्या उंचीवर, ओल्या मातीकडे तोंड करून बांधला.

मंगळवारी संध्याकाळी साकिबनं कार्ड काढून मोबाइलला जोडलं.

"एक हजार एकशे सेहेचाळीस फोटो!"

"बिबट्यांचा मोर्चा आला होता की काय!"

एक हजार एकशे सेहेचाळीस फोटोंत एकच केळीचं पान होतं. ऊन खाऊन तापलेलं, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे डुलणारं. तिघांनी ते पान कापलं.

बुधवारी कार्डात सव्वीसच फोटो आले. एक मुंगूस, दोन लांडोरी, एक नीलगाय. आणि सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हातात पाण्याचा डबा घेऊन, इकडेतिकडे बघत, लगबगीनं झाडीत शिरणारे हेमराजकाका.

काका गावाच्या स्वच्छता समितीचे उपाध्यक्ष होते.

नेमके तेव्हाच काका मागे येऊन उभे राहिले होते. फोटो पाहून त्यांचा चेहरा पिकल्या केळ्यासारखा पडला. "हे... हे कुठून आलं? पुसा आधी!"

"पण काका, राईत तर बिबट्या आहे ना?" डिंपलनं निरागसपणे विचारलं. "तुम्ही एकटेच कसे गेलात?"

"अगं, वेळ आली की बिबट्या आठवतो का कोणाला! पुसा म्हणतो ना!"

"पुसू की! फक्त शनिवारपर्यंत या कॅमेऱ्याबद्दल कोणाला एक शब्द सांगायचा नाही."

उपाध्यक्षांनी गळ्याची शपथ घेतली.

पण आनंद फार वेळ टिकला नाही. ओल्या मातीत दोन नवे पंजे उमटले होते! आणि दुपारी बारा ते चार या वेळेतला एकही फोटो कार्डात नव्हता.

"बघा! तुमच्या डब्यालाही न दिसणारा बिबट्या!" काकांना पुन्हा धीर आला. "डब्याचे पैसे पाण्यात गेले. शनिवारी आठ वाजता करवती येणार, सांगून ठेवतो!"

त्या संध्याकाळी डिंपल अंजनाला टेकून बसली.  आबा आले, शेजारी बसले.  आजोबा आणि नात एकाच तऱ्हेनं गप्प बसली होती, आणि त्यात होकार कुठंच नव्हता.

गुरुवारी दुपारी दोन वाजता सगळं गाव दारं लावून झोपलं होतं. मे महिन्यात त्या वेळी आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावलीखेरीज कोणाशी संबंध ठेवत नाहीत. तिघं राईत आली.

"कॅमेरा बिघडलाय का ते तरी पाहू," डिंपल म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. मग साकिब गेला. मग त्यानं बेडूकउड्या मारल्या, कोलांटी मारली, माकडासारखा नाचला.

कार्ड काढलं. काहीच नाही.

"मेला डबा!" साकिब धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात तबस्सुम आली. वाटेत तिनं हौदात ओढणी बुचकळून डोक्यावरून घेतली होती आणि ती ठिबक सिंचनासारखी गळत होती. "मला टाकून आलात ना? थांबा, अब्बूंनाच सांगते!" असं ओरडत ती कॅमेऱ्यासमोरून तरातरा गेली.

साकिबनं सवयीनं कार्ड पुन्हा पाहिलं आणि तो किंचाळला, "तीन! तबस्सुमचे तीन फोटो!"

"माझेच का?" तबस्सुम फुशारली. "मी सुंदर आहे म्हणून!"

डिंपलनं फोटोच्या खालच्या पट्टीवरचे आकडे वाचले. दोन वाजून एकोणीस मिनिटं. तापमान त्रेचाळीस. ती ताडकन उठली.

"चाचा काय म्हणाले होते? वेगळी ऊब हलली की हा जागा होतो! आपलं अंग सदतीस आणि वर तापलेले कपडे. झाडं, माती, हवा सगळं चाळिसाच्या पुढं. त्याला आपण आणि झाड सारखेच! पण तबस्सुम भिजलेली होती, गार होती. वेगळी होती!"

"म्हणजे चोराला भिजवायला पाहिजे," साकिब म्हणाला. "मी झाडावर बादली घेऊन बसू?"

"नको. तो स्वतःच भिजेल!" डिंपलचे डोळे लुकलुकले. "आबांकडून एक माठ आणूया!"

आबा दर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई मांडत. शुक्रवारी सकाळी त्यातला एक माठ अंजनाखाली आला, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. भोवती ओलं गोणपाट, वर झाकण, झाकणावर पितळी पेला. आबांनी स्वतः वाळ्याची जुडी आत सोडली.

"आबा, चोराला वाळ्याचं पाणी?"

"तहान चोराची असो का सावाची," आबा म्हणाले, "मानसाले कोमट पानी द्यायचं नाही. आपल्याले शोभत नाही."

ती दुपार फार लांब होती. तिघं ओसरीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साकिबनं चार वेळा विचारलं, "त्याला तहान नाही लागली तर?" आणि चारही वेळा आबांनी उत्तर दिलं, "मे महिना हाये."

साडेचारला तिघं धावतच राईत गेली. कार्ड साकिबनं काढलं.

दोन वाजून सात मिनिटं. एक भिजलेलं डोकं, वर उपडा केलेला पेला.

दोन आठ. त्याच डोक्याखाली ओला रुमाल मानेभोवती गुंडाळून तृप्त हसणारा चेहरा.

"रुपचंदशेठ!" तिघं एकदम ओरडली.

दोन अकरा. काठीला ठोकलेला, पंजाच्या आकाराचा कापलेला चपलेचा रबरी तळ मातीत दाबणारे शेठ. दोन तेरा. आणखी एक पेला. दोन चौदा. माठावर नीट झाकण ठेवणारे शेठ.

"माणूस वळणाचा आहे हं," तबस्सुमनं कबूल केलं.

शनिवारी आठ वाजता करवतवाले आले, मजूर आले, बघे आले. पांढऱ्याशुभ्र सफारीत रुपचंदशेठ आले. डिंपल पुढं झाली.

"शेठ, पंजे किती मोठे आहेत ते तुम्हीच दाखवा ना."

"मी? नाही बाई!" शेठनी कानाला हात लावले. "तीन आठवडे झाले, भीतीनं या राईत पाऊल टाकलं नाही!"

"नक्की?"

"देवाशपथ! एवढे लोक साक्षीला आहेत!"

"मग काल दुपारी वाळ्याचं पाणी गोड लागलं का?"

शेठच्या तोंडचं पाणीच पळालं. साकिबनं मोबाइल सगळ्यांत आधी मजुरांच्या हातात दिला. मग तो हातोहात फिरला. आधी कोणी तरी खुसकन हसलं, मग दुसरं, आणि मग सगळ्या राईत हसण्याचा असा काही धडाका उडाला की लांडोरी भुर्रकन उडाल्या.

"इथं तर सगळं फोटोमाच शे!" पश्चिमेकडून आलेला एक मजूर पोट धरून म्हणाला. "बिबट्या सफारी घालस!"

करवतवाल्यांनी करवती परत टेम्पोत भरल्या. मजुरांनी विळे उचलले आणि ते केळीत घुसले. दुपारपर्यंत दोन ट्रक भरले. शेठ निघाले तेव्हा आबांनी हाक मारली.

"थांबा शेठ. ऊन हाये. पानी पिऊन जा."

शेठनी पेला घेतला आणि तसाच माठाच्या झाकणावर परत ठेवला. गावानं त्यांना लेखी माफी मागायला लावली. ती वाचून दाखवायचं काम स्वच्छता समितीच्या उपाध्यक्षांनी मोठ्या हुरूपानं केलं.

दुपारी चाचांचा फोन आला, म्हणजे विहिरीच्या कठड्यावर उभं राहून घेतला गेला. "शाब्बास! मी पंचवीस वर्षं कॅमेरे विकतोय, पण कॅमेऱ्याला माठ जोडायचं मला सुचलं नाही!"

हेमराजकाका डिंपलसमोर येऊन उभे राहिले. खाकरले. "चूक माझी झाली, पोरी. मी पंजा पाहिला, तो कोणता ते पाहिलं नाही. आता ही राई मी हयात असेतो कोणी तोडणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि... तो माझा फोटो?"

"पुसला, काका. पण उद्यापासून घरचंच वापरा. कॅमेरा इथंच राहणार आहे!"

मग आबा उठले. ते अंजनाखाली गेले, सागावरच्या कॅमेऱ्याकडे वळून उभे राहिले आणि म्हणाले, "या रे बठ्ठे, सगळेच या. फोटो काढू."

"आबा, आत्ता अडीच वाजलेत!" साकिब म्हणाला. "त्याला आपण दिसणार नाही!"

"मले ठाऊक हाये," असं म्हणत आबांनी माठ उचलला आणि तो स्वतःच्या डोक्यावर रिता केला!

 मग तबस्सुम हौदाकडे पळाली, मागोमाग साकिब, डिंपल आणि स्वच्छता समितीचे उपाध्यक्षसुद्धा.

तो फोटो आजही आबांच्या ओसरीवर लावलेला आहे. दोन एकतीस. तापमान चव्वेचाळीस. पाच निथळणारी माणसं, त्यांत एकाचेही डोळे धड उघडे नाहीत. आणि मधोमध, डिंपलपेक्षा अर्धा वीत उंच, तिचं अंजन.