जागेवाली

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीला खिडकी नसते, हे तुम्ही पाहिलं असेल. डोळे तपासायला अंधार लागतो. माझ्याही दुकानात तसंच आहे. भिंतींना मळकट राखाडी रंग, एका टोकाला अक्षरांचा उजळ तक्ता, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची उंच खुर्ची. खुर्ची जुनी आहे, जाड गादीची. कुणी बसलं की गादीतली हवा फुस्स करून बाहेर जाते, आणि माणूस उठलं की गादी पुन्हा हवा आत ओढून घेते, हळूहळू, झोपेतल्या माणसासारखी. नवीन गिऱ्हाईक दचकतं. आम्हाला त्याची सवय आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून याच खोलीत आम्ही चौघं खेळायचो. मी, माझी थोरली बहीण, तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आणि नळकाम करणारा एक मित्र. त्याला सगळे पान्याच म्हणतात.

आमच्या या खेळाला पट लागत नाही. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. वाटेत दरी आली तर उडी मारायची की वळसा घालायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. उडी जमली की नाही, ते फासा सांगणार. सांगणारा मी. टेबलाभोवती ओळीनं प्रत्येकाकडे वळून मी एकच प्रश्न विचारायचो: "तू काय करतोस?" दाजींना अर्थात "तुम्ही काय करता?" दाजी सुतार, सगळ्यांच्या लाकडी बाहुल्या त्यांनीच कोरलेल्या. ताईची बाहुली होती नावाडीण, हातात वल्हं घेतलेली.

ताईचा डाव आला की आम्ही पाय पसरून बसायचो. तिला पाठीचं दुखणं, म्हणून उंच खुर्ची तिची. त्या खुर्चीत ती डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "थांब रे बाळ्या, विचार करू दे जरा." पुलावरून जायचं की नाही एवढंच ठरवायचं असलं तरी तिचा विचार संपायचा नाही. एकदा पान्या म्हणाला, "ताई, तुमचं ठरेपर्यंत मी एक गळका नळ दुरुस्त करून येतो." आणि खरंच करून आला. परत येऊन म्हणाला, "झालं का?" ताई म्हणाली, "गप रे, लिंक तोडलीस."

खेळातली भुतंखेतं मी सुरुवातीला पुस्तकांतून घ्यायचो. पण पान्यानं ती सगळी वाचलेली. मी नाव घ्यायच्या आधीच तो म्हणायचा, "हा आगीला भितो, ओता तेल." मग मी गिऱ्हाइकांना विचारू लागलो. भिंग घासून होईपर्यंत म्हातारी माणसं बसून असतात. लहानपणी तुम्हाला कशाची भीती दाखवायचे, असं विचारलं की ती खुलतात.

एका थकलेल्या सुईणबाईंनी मला जागेवालीची गोष्ट सांगितली.

"घरातलं कुणी लांब गेलं ना, की त्याच्या रिकाम्या जागेवर ती येऊन बसते. करत काही नाही बिचारी. बसू द्यायचं."

"मग भीती कसली, आजी?"

"तिला विचारायचं नाही, काय करतेस म्हणून. विचारलं तर ती म्हणते, इथं बसलेय. म्हटलं की जागा तिची. मग गेलेलं माणूस परत येतं तेव्हा..." त्या मध्येच थांबल्या. "चष्मा झाला का रे? रिक्षा थांबलीय."

मला एवढं पुरेसं वाटलं. उरलेलं मीच रचलं. जागेवालीची ताकद किती, चपळाई किती, कशानं हटते, सगळं ठरवून टाकलं. आणि योगही चांगला जुळून आला. ताई लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी गेली होती. खेळाडू गैरहजर असला तर त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं नाही, बाहुली आहे तिथं ठेवायची, हा आमचा नियम. नावाडीण एका ओसाड सराईत जेवणाच्या बाकावर थांबलेली होती. तिथंच जागेवाली येऊन बसली, असं मी सांगायला घेतलं. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

त्या दुपारी खोलीत टेबलावरचा दिवा तेवढा चालू होता. दाजींनी सराईचं दार आतून लावून घेतलं. पान्यानं चुलीत फुंकर मारली. मी सवयीनं पुढच्या, म्हणजे ताईच्या रिकाम्या उंच खुर्चीकडे वळलो. खेळात भुतालाही डाव असतो. त्यामुळे प्रश्न आपोआप तोंडातून बाहेर पडला.

"आणि तू काय करतेस?"

गादीतून हवा बाहेर गेली. फुस्स.

"इथं बसलेय," असं कुणीतरी म्हणालं. लगेच म्हणालं. मी प्रश्न पुरा करतो न करतो तोच.

खुर्चीकडून ओल्या दोराचा वास आला. नदीच्या धक्क्यावर येतो तसा.

"भारी!" पान्या म्हणाला. "ताईंचा आवाज हुबेहूब काढलास की."

"मी नाही काढला. तूच ना?"

"मी कशाला? मी चुलीपाशी आहे."

आम्ही दोघांनी दाजींकडे पाहिलं. त्यांनी हातातला फासा खाली ठेवला. "मला वाटलं, तू तिला फोनवर घेतलंयस," ते म्हणाले. "फोन कुठाय?"

फोन बाहेर काउंटरवर होता.

आम्ही हसलो. मग प्रत्येकानं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगितलं, आणि कुणाचंच कुणाशी जुळेना. पान्याला आवाज खुर्चीतून आल्यासारखा वाटला, दाजींना दारातून. मला तो कुठून आला ते सांगताच येईना, पण आवाज ताईचा होता एवढं नक्की. त्या दिवशी खेळ तिथंच आवरला.

काही दिवसांनी ताई परतली. चांगली टवटवीत दिसत होती. सुट्टीच्या दुपारी शटरखालून वाकून आत आली, सगळ्यांची विचारपूस केली, नातवाचे फोटो दाखवले. पण बसेना. दारापाशी उभीच.

"बस की, ताई."

"कशी बसू? बसलंय ना कुणीतरी."

खुर्ची रिकामी होती. तिला वाटलं आम्ही थट्टा करतोय, आम्हाला वाटलं ती करतेय. शेवटी ती उभ्यानंच खेळली. आणि काय खेळली! मी विचारलं रे विचारलं, की उत्तर तयार. "दोर कापते." "डावीकडे वळते." "मारून टाकते त्याला."

"ताईंना इंजिन बसवून आणलंय का, दाजी?" पान्या खदखदून हसला. दाजी हसले नाहीत.

निघताना ते माझ्यासोबत मागे रेंगाळले. हळूच म्हणाले, "घरीसुद्धा बसत नाही रे ती. जेवते उभ्यानं. रात्री पाहिलं तर भिंतीशी उभी. काय झालं विचारलं तर म्हणते, तुमच्या मेव्हण्याला सांगा, माझी जागा मोकळी करून दे."

आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरतात, मग दुसरं, आणि विचारतात, हे बरं की ते? दोन भिंगांत फरक अगदी थोडा असला की माणूस गोंधळतं. मगाशी हे बरं वाटलं, आता ते वाटतंय, पुन्हा दाखवा, म्हणतं. माझं तसं झालं होतं. ताईकडे पाहिलं की वाटायचं, ही ताईच; कपाळावरचा लहानपणचा व्रणसुद्धा जागच्या जागी. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं की गादी दबलेली दिसायची.

मी सुईणबाईंचं घर शोधून काढलं. म्हटलं, "आजी, त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली. गेलेलं माणूस परत येतं तेव्हा काय होतं?"

त्यांनी निवडायची भाजी पुढे ओढली. "तू विचारलंस होय तिला?"

मी मान डोलावली.

"माझी आई सांगायची, परत येतं ते आपलंच माणूस. पण त्याला बसायला जागा उरत नाही. उभ्या उभ्या झिजतं ते." देठ बाजूला टाकून त्या पुढे म्हणाल्या, "आत्या उलट सांगायची. दारातून येते ती जागेवाली. आपलं माणूस जागेतच अडकून पडतं, आवाजापुरतं."

"मग खरं कोणतं?"

"त्या दोघी यावरून भांडायच्या रे. एक गोष्ट मात्र दोघींची सारखी. जागेत जी बसलीय तिनं आपल्या तोंडानं उठते म्हटलं, की जी उभी असते, जागा तिची. कायमची."

"आणि उठते तिचं काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे नव्या चष्म्यातून पाहिलं. "ती जाते," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी नीट बघ, बसलीय कोण आणि उभी कोण."

पुढच्या सुट्टीला चौघं जमलो. पान्याला मी सगळं सांगितलं होतं. तो एकही विनोद न करता बसला होता. ताई दारापाशी उभी. तिचा चेहरा उतरला होता, पाय सुजले होते. सुईणबाईंच्या आईचंच खरं, मला वाटलं. बहीण झिजतेय डोळ्यांदेखत, आणि मी कसला विचार करत बसलोय?

"विचार ना तिला," ताई म्हणाली. "उठ म्हणावं."

"ताई, तू... तूच आहेस ना गं?"

"हो," ती म्हणाली. लगेच.

मी दिवा जवळ ओढला. नावाडीण टेबलावर होती, वल्हं खुर्चीच्या बाजूला वळलेलं. दाजींनी डोळे मिटले होते. मी खुर्चीकडे तोंड केलं.

"जागेवाली... तू काय करतेस?"

तक्त्याच्या दिव्याची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. ओल्या दोराचा वास दाराकडून येत होता. या खेपेला खुर्चीकडून नाही. आम्ही थांबलो. पान्यानं पाय पसरले आणि आपण काय केलं ते लक्षात येताच झटकन आखडून घेतले.

मग खुर्चीतून आवाज आला, दमलेला, अगदी बारीक.

"थांब रे बाळ्या... विचार करू दे जरा..."

दाजींनी टेबल धरलं. मला हात लावून पाहावंसं वाटलं, पण रिकाम्या जागी हात कसा लावायचा तेच कळेना.

"पुन्हा विचार," दारातून ती म्हणाली. "लवकर विचार. उठणार आहे ती."

"नाही," मी म्हटलं. "तिचा डाव चालू आहे."

नियमच आहे तो. ज्याचा डाव, त्याचं उत्तर येईपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, घाई करायची नाही. आतापर्यंत आम्ही ताईसाठी थांबतच आलो होतो.

तेव्हापासून डाव तिथंच थांबला आहे. गिऱ्हाइकांना मी बाहेर स्टुलावर तपासतो. खुर्ची मोडलीय म्हणून सांगतो. पान्या येतो, पण आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही. दाजी मात्र रोज संध्याकाळी येऊन खुर्चीजवळ खाली बसतात. बोलत काही नाहीत. एखाद्या शब्दाला ती उठते असं म्हणून बसेल, अशी भीती त्यांना वाटते. मग उठून घरी जातात. घरी ती भिंतीशी उभी असते.

आणि मी आईची गोष्ट आत्याच्या गोष्टीशेजारी धरून पाहतो. ही बरी वाटते, मग ती. ताईच्या आवाजात वेळ काढायला जागेवालीही शिकली असेल, तर? मग रोज झिजत उभी असते ती कोण?

काल दुकान बंद करताना ती आली. वाकून शटरखालून आत पाहिलं. पाय आणखी सुजले होते.

"बाळ्या," ती म्हणाली, "झालं का रे तिचं?"

मी दिवे मालवले. तेवढ्यात आतल्या खोलीत हवा आत ओढल्याचा आवाज झाला, हळूहळू, बराच वेळ. गादीवरून कुणी उठलं की होतो तसा. किंवा शेवटी एकदाचं ठरवून बोलायच्या आधी माणूस श्वास घेतं, तसा.