खाटेखालची दिवाळी

बुधवार पेठेतल्या दुकानात जर्मन-मराठी शब्दकोशाची एकच प्रत उरली होती, आणि ती दोघांनी एकदमच धरली.

"फाडून अर्धा-अर्धा देऊ का?" दुकानदारानं चष्म्यावरून विचारलं.

आम्रपालीला हसू फुटलं. समोरचा उंच मुलगा मात्र ओशाळला. "घ्या तुम्हीच. मला नुसतं... आजीशी बोलायचं होतं."

ती आजी म्हणजे हिल्डा. शिकायला गेलेल्या पुणेकराशी लग्न करून ती साठ वर्षांपूर्वी जर्मनीहून इथं आली होती. आता वयानं तिचं मराठी विरत चाललं होतं, आणि नातवाला, अनिरुद्धला, जर्मन येत नव्हतं. आम्रपालीला येत होतं. नागपूरहून पुण्यात नोकरीला आलेली ती, कंपनीतर्फे म्युनिकला जायची तयारी करत होती.

"एखाद्या रविवारी याल?"

ती गेली... आणि मग दर रविवारी जाऊ लागली. आजी हॅम्बुर्गच्या तळघराबद्दल सांगायची. वर बॉम्ब पडत असताना आईनं कानांवर दाबून धरलेले तळवे, सकाळी बाहेर यावं तर गल्लीच नाहीशी झालेली. आम्रपाली ते मराठीत सांगायची, आणि अनिरुद्ध एकटक तिच्याकडे बघत राहायचा. शब्दांसाठी, की—? तिला कळेना.

"पुढच्या रविवारी या हं. आजी वाट बघते," तो जिन्यात म्हणायचा.

"आजीच?"

तो नुसताच कान खाजवायचा.

व्हिसा आला, तेव्हा ती सांगायला गेली.

"अभिनंदन," म्हणून अनिरुद्ध खिडकीकडे वळला.

आजीनं आम्रपालीचा हात धरला आणि जर्मनमध्ये हळूहळू बोलू लागली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतायत, इथली पहिलीच दिवाळी. फटाके वाजले आणि मी खाटेखाली शिरले. आता परत जायचं, असंच ठरवलं. तेवढ्यात सासूबाई, यमुनाबाई, नऊवारीसकट सरपटत आत आल्या. त्यांना जर्मन येईना, मला मराठी. त्यांनी माझे कान झाकले... आणि मी राहिले."

आजीनं आणखी काही विचारलं. आम्रपाली लाल झाली.

"आता काय म्हणाली?"

"काही नाही. तब्येतीचं—"

"माझं नाव आलं त्यात."

"विचारतायत..." तिची नजर खाली गेली. "हा अनिरुद्ध तुझ्यासाठी खाटेखाली शिरेल का?"

अनिरुद्ध खिडकीपासून मागे वळला. मग म्हणाला, "मावणार नाही. पण शिरेन. म्युनिकला येऊनही शिरेन. तू... परत येशील?"

"माहीत नाही, अनिरुद्ध. तू आवडतोस, एवढं खरं. बाकी सगळा गोंधळ आहे डोक्यात... जाऊ की नको, तेही कळत नाहीये."

"बोटीतून उतरले तेव्हा," आजी अचानक स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला तरी काय कळत होतं गं?"