तुटक रेघेचं झाड

बसमधून उतरून चौकात पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं, की कोपऱ्यात नको तेवढं ऊन पडलं आहे. शुक्रवारपर्यंत तिथे सावली होती. दोन बाकांवर ऐसपैस पसरणारी, चाव्या करणाऱ्या काकांच्या टेबलालाही पोटात घेणारी. आज सोमवारी तिथे गुडघ्याएवढं खोड होतं, भोवती ओला भुसा होता आणि भुशाशेजारी चहाचा कप हातात धरून एक उंच माणूस उभा होता.

"कोणी तोडलं हे?"

उंच माणसाने मागे वळून पाहिलं. "मी."

"मी म्हणजे?"

"म्हणजे माझ्या माणसांनी. मी इथला सुपरवायझर. आपण कोण?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय तो शांतपणा! सत्तर वर्षांचं शिरीषाचं झाड आडवं करून हा माणूस चहात फुंकर मारतो?

"हा चौक मी आखलाय," ती म्हणाली. "सहा महिने! खडू घेऊन इथे उन्हात बसत होते मी. सकाळी दहाची सावली कुठे पडते, दुपारी चारची कुठे पडते, तशा खुणा करून बाकांच्या जागा ठरवल्या. आणि तुम्ही... तुम्हाला झाड आणि विजेचा खांब यांतला फरक तरी कळतो का हो?"

"कळतो," तो म्हणाला. "खांबाला पानं नसतात."

"हसू येतंय तुम्हाला?"

"नाही येत." आणि खरंच तो हसत नव्हता. त्याने कप खोडावर ठेवायला हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला आणि कप जमिनीवर ठेवला. खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यासमोर उलगडला. "तुमच्याच ऑफिसातून आलाय. हे बघा, झाडांवर तुटक रेघेची वर्तुळं. तुटक रेघ म्हणजे तोडायचं."

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात. दहा वर्षं इमारतींच्या कामावर आहे मी. नकाशात भिंत तुटक दाखवली, की ती पाडायची."

"अहो, बागांच्या नकाशात तुटक रेघ म्हणजे आधीपासून असलेलं झाड! जपायचं झाड! नवीन लावायचं ते अखंड रेघेने काढतात."

"मग जपायच्या गोष्टीला तुटक का काढता तुम्ही लोक?"

एवढा सरळ प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. ती आणखी चिडली. "पहिल्या कागदावर खुणांचा तक्ता असतो, तो वाचायचा असतो!"

"मला पहिला कागद आलाच नाही. तिसराच आला."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

तेवढ्यात चाव्या करणारे काका डोक्यावर वर्तमानपत्र धरून म्हणाले, "तुमचं चालू द्या निवांत. फक्त थोडं इकडे सरकून भांडा. तुमची सावली माझ्यावर पडू दे."

तो लगेच दोन पावलं सरकला. तीही सरकली. उन्हाने डोळे बारीक करून दोघं समोरासमोर उभी राहिली, आणि तेव्हा तिला दिसलं, की याच्या पापण्यांवरही भुसा बसला आहे. ते दिसायला नको होतं, असं तिला फार वाटलं.

ऑफिसात पोचताच तिने तक्रारीची मेल लिहायला घेतली. पुरावा जोडावा म्हणून पाठवलेले कागद उघडले, आणि तिची बोटं थांबली. साइटवर घाई आहे म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिनेच फक्त तिसरा कागद पाठवला होता. खुणांचा तक्ता असलेला पहिला कागद तिच्याच कॉम्प्युटरवर सुखरूप पडून होता.

मग तिने फोन पाहिला. शनिवारी सकाळी साडेसातला अनोळखी नंबरवरून एक मिस्ड कॉल. सात पस्तीसला दुसरा. कर्जवाल्यांचा असेल म्हणून तिने कूस बदलून झोप पुरी केली होती.

तिने तो नंबर लावला.

"बोला," पलीकडून तोच शांत आवाज.

"शनिवारी... तुम्ही फोन केला होता?"

"दोनदा. कागदावर तुमचा नंबर होता. झाड एवढं चांगलं आहे, खरंच काढायचंय का, विचारायचं होतं."

"आणि मी उचलला नाही."

"नाही उचललात."

"मग बाकीची सहा का नाही तोडलीत? वर्तुळं तर सातही झाडांवर होती."

"पहिलं पडलं ना... पक्ष्यांनी एवढा गलका केला. माणसांना म्हटलं, करवती ठेवा. मालक ओरडला तर ओरडू दे."

तिने फोन ठेवला आणि पाच मिनिटं स्वतःवर इतकी संतापली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाण्याचा ग्लास आणून दिला.

मंगळवारी ती चौकात गेली ती माफी मागायला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला असा तिचा स्वभाव. माफी मागताना भांडणासारखाच सूर लागला. "चूक माझी होती, कळलं? पहिला कागद मीच पाठवला नाही. झालं समाधान?"

"एवढ्या रागाने माफी मागतात?"

"मला एवढीच येते!"

"चालेल," तो म्हणाला. "वाईट नाहीये."

उरलेल्या सहा झाडांच्या बुंध्यांना त्याने पोत्याची जाड गुंडाळी बांधली होती. यंत्राचा धक्का लागू नये म्हणून. काकांच्या टेबलाभोवती चार बांबू रोवून वर ताडपत्रीही लावली होती. तिने प्रत्येक खोडाचा घेर नव्याने मोजायला घेतला. टेपचं दुसरं टोक न सांगता त्याने धरलं. टेप झाडाला वळसा घालून यायची, आणि दर झाडाला दोघांचे हात एकदा तरी भेटायचे. चौथ्या झाडाशी त्याने टेप जरा उशिरा सोडली.

"सोडा," ती म्हणाली.

"आकडा नीट वाचला का?"

"दोनदा वाचला."

"तिसऱ्यांदा वाचा... घाई कुठे आहे?"

तिने वाचला नाही. पण सोडा असंही पुन्हा म्हणाली नाही.

बुधवारी तिच्या ऑफिसच्या मोठ्या सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर खुशीत होते.

"झालं ते एका अर्थी बरंच झालं," ते म्हणाले. "एक झाड गेलंच आहे, उरलेलीही काढून टाकू. चौकातलं नवं कारंजं कसं लांबून दिसेल! उद्या उद्यान अधिकारी बाई चौकात येतायत. झाड सुपरवायझरने मनाने तोडलं, आता उरलेली विद्रूप दिसतात, असं सांगायचं. त्याला घरी बसवतील. आपलं नाव कुठे येत नाही."

"सर, कागद मी अर्धवट पाठवला होता."

"ते तुला माहीत, मला माहीत. तिसऱ्याला कशाला?"

तिला वाटलं, टेबलावरचा तो काचेचा पेपरवेट उचलावा आणि... पण तिने नुसता उचलला आणि पुन्हा ठेवला. माणसाने आयुष्यभर बागा आखाव्यात आणि सावलीत कोण बसतं हे एकदाही पाहू नये? वर स्वतःच्या ऑफिसच्या चुकीचं खापर फोडायला डोकंही परक्याचं शोधावं?

गुरुवारी अकराला अधिकारी बाई आल्या. ठेंगण्या, छत्री घेतलेल्या, कोणाच्या गोड बोलण्याला न फसणाऱ्या. सरांनी नव्या आराखड्याचं गोड वर्णन केलं आणि शेवटी सुपरवायझरकडे बोट दाखवलं. "बाकी, झाड या गृहस्थांनी परस्पर तोडलं."

"बरोबर," सुपरवायझर म्हणाला. "चूक माझी."

ती उडालीच. "काय?"

"खात्री करायला हवी होती मी. नाही केली."

"खोटं बोलताय! दोनदा फोन केला होतात! मॅडम, चूक माझी आहे. खुणांचा कागद मी पाठवला नाही. मूळ आराखड्यात सातही झाडं राखायची होती, हा बघा."

"त्यांचं ऐकू नका मॅडम. करवत माझ्या हुकमाने चालली."

"कागद माझा होता!"

"हुकूम माझा होता. तुमची नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"आणि तुमची?"

"मला दुसरी मिळेल. मॅडम, मी लिहून देतो..."

"तू मध्ये बोलू नकोस!" ती ओरडली.

"तू" हा एवढासा शब्द, पण तो तोंडातून निसटला कसा, तिला कळेना. तिने जीभ चावली. कानशिलं तापली. काकांची कानस चावीवर थबकली.

अधिकारी बाईंनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तुम्ही दोघं नवरा-बायको आहात का?"

"नाही!" ती म्हणाली.

"अजून नाही," तो म्हणाला.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वही उघडली. "चुकीवर हक्क सांगणारी माणसं पहिल्यांदाच बघतेय. इथे सगळे दुसऱ्यावर ढकलायला येतात." मग सरांकडे वळल्या. "सहाही झाडं राहतील. मूळ आराखड्याप्रमाणेच काम होईल. कारंजं झाडांच्या आडून दिसेल तेवढं दिसू द्या. गेलेल्या झाडाच्या जागी शिरीषच लावायचा, आणि पाच वर्षं तुमच्या ऑफिसने सांभाळायचा. कागद अर्धवट पाठवल्याचा खुलासा मला लेखी हवा."

सर गाडीकडे जाताना तिच्यापाशी थांबले. "उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाज कापला, पण म्हणाली.

गाड्या गेल्या. ती एका शिरीषाखाली उभी राहिली, झाडाकडे तोंड करून. तो मागे येऊन थांबला.

"रडताय?"

"रागाने पाणी येतं माझ्या डोळ्यांत. रडत नाहीये!"

"सरांचा राग?"

"तुझा! अजून नाही म्हणे. अख्ख्या चौकाला सांगितलंस. अधिकाऱ्यांना सांगितलंस, काकांना सांगितलंस. मला विचारलं होतंस का कधी?"

"नाही."

"मग ही कुठली पद्धत? शनिवारी दोन फोन केलेस एका झाडासाठी. आणि या गोष्टीसाठी एकही नाही?"

त्याने मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याचा तो शांतपणा सुटला होता. बोटं शर्टाचं बटण नुसतीच चाळवत होती. "भीती वाटली," तो म्हणाला. "फोन उचलत नाहीस तू..."

तिला हसू फुटलं, आणि हसू फुटल्याचाही राग आला.

"आता समोर उभी आहे ना मी? विचार."

"मला तू आवडतेस. सोमवारी ओरडत आलीस तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

"हो!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की वरच्या फांदीवरचे पक्षी उडाले.

काकांनी ताडपत्रीखालून डोकं बाहेर काढलं. "काय रे, पुन्हा भांडण?"

"हो काका," तो म्हणाला. "आता जन्मभराचं."