दहा कागदांची उलटी चळत

“बाई, नावं तर कापली होतीत, मग कोणती वाक्यं कुणाची ते ओळखलंत कसं?”

‘हिंमत असेल तर विचार, लाव पैज’ म्हणत वर्गातल्या लंबू आणि चष्मिसनं भिंगरीला वाचनालयात बाईंकडे ढकललं होतं. सुट्टीतल्या इंग्रजी वर्गात ‘गिव्ह अप’ वापरून पाच वाक्यं लिहायची होती. पहिले दोघं ती रेडिओवर वाचणार. पहिली आली भिंगरीची आतेबहीण, दुसरी भिंगरी. आतेबहीण गावभर मिरवत होती आणि भिंगरीच्या पोटात नुसतं दुखत होतं. लंबू शेवटून पहिला. त्यानं तर इंग्रजीची वही माळ्यावर फेकली होती.

“यादी होती ना,” झेरॉक्सच्या यंत्रावर सूचनेची पानं ठेवत बाई म्हणाल्या. “कागद आले त्या क्रमानं नावं. परीक्षकांना झेरॉक्स दिल्या. वरच्या कागदाचे गुण वरच्या नावापुढे. चुकेल कसं?”

पहिलं पान ट्रेमध्ये पडलं. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं.

“बाई, पहिलं पान तळाला गेलं की,” भिंगरी म्हणाली. “ते दहा कागद दाखवता?”

दहापैकी दहा गुणांच्या कागदावर लंबूचं तिरकं अक्षर होतं. ‘शी फेल ऑफ द सायकल, बट शी डिडन्ट गिव्ह अप.’ त्यानं कागद सगळ्यांत आधी दिला होता, आतेबहिणीनं सगळ्यांत शेवटी. म्हणजे तिचे दहा गुण खरे लंबूचे, आतेबहीण आपटली! भिंगरीला उकळ्या फुटल्या.

मग तिला स्वतःचा कागद सापडला. ‘आय गेव्ह अप टू ईट चॉकलेट.’ ‘टू ईट’वर लाल फुली. सहा गुण. तिला मिळालेले नऊ चष्मिसचे होते.

तोंड उघडलं तर रेडिओ गेला. मिटलं तर आतेबहिणीच्या शेजारी बसून वाचायचं, आणि लंबू रेडिओ केंद्राबाहेर. लंबू दारातून विचारत होता, “काय गं, हरलीस ना पैज?”

“नाही,” ती म्हणाली. “बाई, सगळे गुण उलटे लागलेत. माझेसुद्धा.”

बाईंनी यादी कागदांशी ताडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. “पोरी, स्वतःचा नंबर घालवून सांगितलंस. मोठ्यांनाही जमत नाही हे.”

घरी भिंगरीनं चप्पल काढायच्या आधीच जाहीर केलं, “आईबाबा, रेडिओवर लंबू आणि चष्मिस जाणार. मला जळजळ होतेय, कुणी समजूत काढू नका. आणि उद्यापासून मी आतेबहिणीबरोबर लंबूकडे शिकायला बसणार. तिला तर पाचच मिळालेत.”